फेब्रुवारीचे शंभर रुपये

रात्री जेवण झालं की मी खाली शतपावलीला उतरतो. मार्च नुकताच लागला होता, उकडायला सुरुवात झाली होती. गेटजवळ आलो तर नाइटचे वॉचमन मामा केबिनमधून बाहेर आले आणि मोबाइल पुढे करत म्हणाले, "सर, जरा बघता का ह्ये. दर म्हयन्याला दोनशे कापत्यात, ह्या टायमाला तीनशे कापल्यात. सुपरवायझरला इचारलं तर म्हणतो सरकारनं कापले. सरकार कशाला माजे शंभर रुपय कापंल?" मोबाइलची काच एका कोपऱ्यातून कोळ्याच्या जाळ्यासारखी तडकलेली आणि त्या तडकलेल्या कोपऱ्यातच नेमका तो आकडा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली पीडीएफ पगारपावती, सगळी इंग्रजीत. बोटांनी मोठी करून मी वाचायला लागलो आणि मामा माझ्या चेहऱ्याकडे बघत उभे राहिले, डॉक्टर रिपोर्ट वाचत असताना पेशंट बघतो तसे.

फेब्रुवारीत ड्युट्या कमी पडल्या, जानेवारीच्या ३१ आणि ह्या महिन्याच्या २८, ते त्यांना व्यवस्थित कळत होतं. तीन ड्युट्यांचे सोळाशे-सतराशे गेले, त्याबद्दल एक शब्द नाही, महिनाच आखूड तर काय करणार. पण ह्या शंभराचा हिशोब लागत नव्हता. पावतीवर हजर दिवस २४ दाखवलेले. प्रत्यक्षात हा माणूस २८ च्या २८ रात्री गेटवर होता हे मी स्वतः सांगू शकतो, कारण रोज त्यांनीच गेट उघडलंय. चार साप्ताहिक सुट्ट्या फक्त कागदावर. रात्री आठ ते सकाळी आठ अशी १२ तासांची ड्युटी, पण पावतीत मूळ पगार ८ तासांचा आणि बाकीचं सगळं 'अदर अलाउन्स' नावाच्या एकाच ओळीत गुंडाळलेलं. कायद्यानं जादा तासांना दुप्पट दर द्यायचा असतो, पण ती ओळ कुठल्या दरानं आली हे कुणी सांगू शकणार नाही, बहुतेक ज्यानं टाइप केली तोही नाही. मग पीएफ, मग ईएसआयसीचे म्हणजे कामगार विम्याचे पाऊण टक्का, आणि खाली पीटी, म्हणजे व्यवसाय कर, ३००. सगळं जाऊन हातात १३,४०० च्या आतबाहेर.

मी वर येऊन माझी पगारपावती उघडली. तिच्यावरही पीटी ३००.

इतकी वर्षं नोकरी करतोय, फेब्रुवारीत शंभर जास्त जातात हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं, यायचं काही कारणही नव्हतं. व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये, मग अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३०० असा तो बसवलाय. महिना १० हजारांच्या वर कमावणाऱ्या प्रत्येक पुरुषाला हाच आकडा, मग तो दहा हजार एक कमवो नाहीतर दहा लाख. बायकांना २०२३ पासून २५ हजारांपर्यंत माफ केलाय, त्यामुळे आमच्या हाउसकीपिंगच्या मावशींच्या पावतीत ही ओळ नसते. वर्षाला २,५०० च्या पुढे कुणाकडूनच घेता येत नाही, कारण घटनेतच तशी मर्यादा आहे, १९८८ पासून तीच. म्हणजे वरच्या माणसाला जास्त त्रास होऊ नये याची काळजी थेट घटनेनं घेतलीय. खालच्या माणसाचं काय ते फेब्रुवारीत बघू.

दुसऱ्या रात्री मामांना हे समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मंग ह्या पैशाचं करत्यात काय?" आता ह्याचं उत्तर मला माहीत होतं, आणि सांगताना माझं मलाच कसंतरी झालं. हा कर महाराष्ट्रात १९७५ साली आला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करायला. ७२ च्या दुष्काळात लाखो लोक खडी फोडायला, पाझर तलाव खोदायला रस्त्यावर आले, त्यातून विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची रोहयो राज्यभर गेली आणि तिचा खर्च शहरातल्या पगारदारांनी उचलायचा असं ठरलं. कल्पना म्हणून आजही भारीच वाटते, गावातल्या उपाशी माणसासाठी शहरातला खाऊन-पिऊन सुखी माणूस थोडे पैसे देणार. मामा साताऱ्याकडच्या माण तालुक्यातले. दुष्काळ म्हटल्यावर त्यांना शिकवायची गरज नाही. म्हणाले, "आई व्हती की खडीवर. मी पोटात हुतो. सुकडी मिळायची म्हनं, आन् मिलोची लाल भाकर, ती तोंडात फिरायची नुसती." मग त्यांनी मोबाइल खिशात टाकला आणि म्हणाले, "म्हंजे आईच्या खडीचे पैसे मीच भरतूय."

हसले. मीही हसलो, पण वर येईपर्यंत ते हसू उतरलं होतं.

ह्या करामागचं गणित असं होतं की शहरात ज्याला महिन्याचा पगार आहे तो गरीब नाही. १९७५ साली ते बऱ्यापैकी खरंही असेल. आपल्या डोक्यात अजून तेच बसलंय. गरीब म्हणजे बेकार, भिकारी, आजारी, दारुडा किंवा शेतकरी. युनिफॉर्म घातलेला, हजेरी लागणारा, बँकेत पगार जमा होणारा माणूस गरीब कसा असेल. त्याला तर एटीएम कार्ड आहे.

सरकारी कागदांचंही तेच आहे, पण तिथे गंमत जास्त. शहरात स्वस्त धान्याच्या प्राधान्य यादीत यायचं तर कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ५९ हजारांच्या आत पाहिजे, म्हणजे महिन्याला पाच हजारांपेक्षा कमी. मामांचं ते चार-साडेचार महिन्यांतच ओलांडून होतं, म्हणजे रेशनिंगच्या हिशोबानं मामा सुखवस्तू. त्याच राज्याच्या म्हाडाकडे जा, तिथे मुंबई परिसरात वर्षाला ६ लाखांपर्यंत कमावणारे सगळे अत्यल्प उत्पन्न गटात. महिन्याला ५० हजारवाला अत्यल्प आणि पाच हजारवाला खाऊन-पिऊन बरा! २०२३ च्या लॉटरीत गोरेगावच्या पहाडीतली अत्यल्प गटाची घरं साधारण ३० लाखांना होती आणि नुसत्या अर्जाबरोबर भरायची अनामत रक्कम २५ हजार. मामांचे जवळजवळ दोन पगार, तेही नंबर लागला तर म्हणून. आणि लाडक्या बहिणीला मर्यादा अडीच लाखांची, तिथे मामांच्या घरच्या बसतात, १,५०० येतात. "रूमचं भाडं वाढलं आन् त्येच येळला ह्ये चालू झालं, त्यामुळं बरं झालं," मामा म्हणाले. म्हणजे सरकारनं दिले ते खोलीमालकाकडे पोचले. एक खिडकी म्हणते तू गरीब नाहीस, दुसरी म्हणते तू फारच गरीब आहेस पण ३० लाख आण, तिसरी म्हणते हे घे पंधराशे. तिन्ही खिडक्या एकाच सरकारच्या.

खोली दिव्यात, ठाण्याच्या पुढे. दिवा म्हटल्यावर मुंबईकराला पुढचं सांगावं लागत नाही. चाळीतली दहा बाय बाराची, भाडं ५,०००, लाइटचे मालक युनिटप्रमाणे वेगळे घेतो, पाणी दिवसाआड आणि उन्हाळ्यात तेही नाही, मग कॅन. गावाला आईला तीन हजार. पोरगा बारावीला, त्याचा क्लास. मामी घरी बसून इमिटेशन दागिन्यांच्या पिना लावायचं काम करतात, ग्रोसवर म्हणजे बारा डझनांवर पैसे मिळतात. एका ग्रोसला किती, हे मी विचारलं तर मामा हसून दुसरीकडे बघायला लागले. ट्रेनचा पास तेवढा परवडतो, आणि मला तर वाटतं ह्या शहरात गरिबाला खरोखर परवडेल अशी ती एकच गोष्ट उरलीय, बेस्टचंही पाच रुपयांचं तिकीट मे २०२५ पासून दहाचं झालं. मामांनी नाइट मागून घेतलीय ती ट्रेनसाठी. संध्याकाळी सगळी मुंबई कर्जत-कसाऱ्याकडे निघते तेव्हा हे उलटे मुलुंडला येतात आणि सकाळी सगळे सीएसएमटीकडे लटकत असताना हे उलटे घरी जातात, दोन्ही वेळेला बसायला जागा. डे असताना सकाळी दिव्याला गाडीत शिरताच यायचं नाही, आधीच भरून आलेली असते, दारातले लोक पाय ठेवू देत नाहीत, त्यांचंही चूक नाही. जून २०२५ मध्ये मुंब्र्याच्या वळणावर लोकलच्या दारात लटकलेली माणसं खाली पडली आणि मेली, तेव्हापासून मामींनी डे घेऊ नका म्हणून सांगितलंय. म्हणजे माणूस रात्रभर जागून दिवसा पत्र्याच्या खोलीत झोपायला तयार आहे, का, तर ट्रेनमध्ये उभं राहायला जागा पाहिजे.

मध्ये मी किमान वेतन कसं काढतात ते वाचत बसलो होतो (झोप न येण्यावर हा उपाय चांगला आहे). १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेत त्याचं सूत्र ठरलं. कमावणाऱ्याचं कुटुंब तीन माणसांच्या खाण्याइतकं धरायचं, म्हणजे पुरुष एक, बायको ०.८ आणि दोन पोरं ०.६-०.६. प्रत्येक मोठ्या माणसामागे २,७०० कॅलरी. कुटुंबाला वर्षाला ७२ यार्ड कापड. जळण-दिवाबत्तीला वीस टक्के. पुढे १९९१ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण ह्याला २५ टक्के वेगळे धरा. सगळं किती विचार करून लिहिलंय, वाचताना खरंच आदर वाटतो. पण त्या तीनात आई कुठेच नाही. मामांनी आईला पाठवलेले तीन हजार सूत्राच्या बाहेरचे. आणि घरभाडं? नव्या वेतन संहितेच्या केंद्राच्या नियमांच्या मसुद्यात ते अन्न आणि कापडाच्या खर्चाच्या १० टक्के धरलंय. १० टक्के. दिव्यात पाच हजार भाडं देणाऱ्यानं मग महिन्याला ५० हजारांचं खायला आणि नेसायला पाहिजे.

माझे आजोबा लालबागला गावाच्या खोलीत राहायचे, गिरणीत साचा खात्यात, म्हणजे मागावर, होते. राजापूरकडच्या आमच्या गावची पंचवीस-तीस माणसं एका खोलीत, तीन पाळ्यांमुळे सगळे एकदम कधी झोपायला नसायचेच, एकाची वळकटी उचलली की दुसऱ्याची पसरायची. जेवण खानावळवाल्या बाईकडे, पैसे पगाराच्या दहा तारखेला. लहानपणी मला हे सगळं फार मजेचं वाटायचं, आजोबा सांगायचेही तसंच, भजनं, नमन, गणपतीच्या आधी गाडीला सोडायला आलेली अख्खी चाळ. ते एक गोष्ट मात्र कधी सांगायचे नाहीत, की त्या पगारात आजी आणि चार पोरं मुंबईत राहू शकली नसती. आजी गावाला लावणी-कापणी करत होती म्हणून गिरणीला आजोबा त्या पगारात मिळत होते. तांदळाचं पोतं गावाहून मुंबईला यायचं, मुंबईहून गावाला मनीऑर्डर जायची, आणि आम्ही फक्त मनीऑर्डरीचंच कौतुक करत आलो. पोत्याचं कुणी केलं नाही.

मामांकडेही पोतं येतं. ज्वारीचं, वर्षातून दोनदा, कुणाच्यातरी टेम्पोतून. आई सत्तरीच्या पुढची आहे आणि अजून रानात जाते. तेव्हा सरळ सांगायचं तर आमच्या सोसायटीचा मेंटेनन्स आटोक्यात आहे कारण माणमधली एक म्हातारी अजून खुरपतेय, आणि दिव्यात एक बाई ग्रोसवर पिना लावतेय. पगारात जेवढं भागत नाही तेवढं ह्या दोघी भरतात, आणि त्यांचं नाव कुठल्याच पावतीवर येत नाही. आजोबांच्या वेळी निदान खोलीचं भाडं कायद्यानं गोठलेलं होतं आणि युनियन नावाची गोष्ट होती. १९८२ च्या संपानंतर त्यातलं काय उरलं ते सगळ्यांना माहीतच आहे. संपानंतर आजोबांबरोबरचे कितीतरी जण कुठे ना कुठे वॉचमन म्हणूनच लागले, तेव्हा ते तात्पुरतं आहे असं वाटायचं.

मी काही मामांचा फार मोठा कैवारी नाही, हेही सांगून टाकतो. पहाटे चारला एअरपोर्टहून आलो आणि गेट उघडायला पाच मिनिटं लागली की माझंही डोकं सटकतं. मामा झोपतात. रात्री तीन ते साडेचार बहुतेक रोज, खुर्चीत, मान छातीवर, पायाशी बाटलीच्या झाकणात खोचलेली कासवछाप. आमच्या कमिटीनं त्यावर उपाय म्हणून हाताची खुर्ची काढून स्टूल ठेवलं. मग मामा भिंतीला टेकून झोपायला लागले. मग स्टूल भिंतीपासून लांब ठेवायची सूचना आली. ह्या सगळ्यावर ग्रुपवर जेवढे मेसेज पडले तेवढे पाण्याच्या टाकीच्या गळतीवर पडले नव्हते. सलग बारा तास, महिनाभर, सुट्टी नाही, आणि दिवसा पत्र्याखाली झोप, हे कुणीच टाइप केलं नाही, मीही नाही केलं, पण मग एकदा वाटलं की हिशोब तरी करून बघावा.

केला. आमचे ७२ फ्लॅट. दोन जागा, दोन पाळ्या, असे चार गार्ड. एजन्सी एका गार्डचे महिन्याला साडेएकोणीस हजार घेते, म्हणजे ७८ हजार. त्यातले मामांच्या हातात साडेतेराच्या आसपास, मधले पीएफ-ईएसआयसी, रिलीव्हर म्हणजे बदली गार्ड, युनिफॉर्म आणि एजन्सीचं कमिशन. आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या केल्या तर सहा गार्ड. दुसऱ्या एका एजन्सीला आठवड्याची सुट्टी धरून, सगळं नियमात बसवून रेट विचारला, त्यांनी २२ हजार सांगितले. १ लाख ३२ हजार. फरक ५४ हजार, ७२ फ्लॅटमध्ये वाटला तर घरामागे बरोबर ७५० रुपये. दोन पिझ्झे. मला वाटलं होतं आकडा ऐकूनच लोक मागे सरतील इतका मोठा येईल, तो तसा आला नाही ह्याचाच मला जास्त त्रास झाला.

सेक्रेटरी माणूस सज्जन आहे, त्यांनी कागद नीट बघितला. म्हणाले, "तुमचं पटतंय हो, पण इथे लोएस्ट कोट सोडून दुसरं घेतलं की ऑडिटमध्ये मलाच प्रश्न." शेजारी बसलेले खजिनदार म्हणाले की उलट एक एजन्सी साडेअठराला तयार आहे, आपण जास्तच देतोय. आता साडेअठराला तयार असलेला माणूस हजार रुपये कुणाच्या ताटातून काढणार हे त्या टेबलावरच्या प्रत्येकाला कळत होतं. कुणी वाईट नव्हतं तिथे. एक जण निवृत्त आहेत, व्याजावर चालतं त्यांचं, त्यांना ७५० खरंच जड आहेत. मग मी काय बोलणार.

मामांना मात्र मी उत्साहात सांगायला गेलो. केबिनमध्ये डबा उघडून बसले होते, भाकरी, ठेचा आणि कांदा, बुक्की मारून फोडलेला. व्हिजिटर रजिस्टर बाजूला सरकवून त्यांनी मला स्टूल दिलं. मी म्हटलं, मामा, आठ तासांची ड्युटी झाली तर? त्यांचा घास थांबला.

"आठ तास नको सर. आठ तासाला पगार किती?"

मी म्हटलं किमान वेतन तर मिळेलच, पीएफ कापून अकरा-साडेअकरा हातात, आणि सुट्टी.

"बगा. म्हंजे दोन हजार कमी. मंग त्ये दोन हजार काढायला मी दुसरीकडं आठ तास करनार. आमच्या चाळीतले दोगं करत्यात तसं, हितं आठ, भांडूपला आठ, मधी ट्रेनमदी झोपत्यात. बारा बरे त्याच्यापरीस. एका जागी तरी बसतू." पाणी प्यायले. "आठ करायचे तर पगार बारा तासाचा ठेवा. मंग बोला. न्हायतर ह्या भानगडीत मला घालू नका, साडेअठरावाल्याला कळलं तर हाय ती बी जाईल."

मी वर येऊन कागद बदलला. आठ तास, हातात १६ हजार, सहा गार्ड. फरक आता घरामागे हजाराच्या वर जातो, त्यामुळे पास व्हायची शक्यता आणखीच कमी. मागच्या आठवड्यात सर्वसाधारण सभेची नोटीस लागली. लिफ्टची एएमसी, गणपतीची वर्गणी, टेरेसचं वॉटरप्रूफिंग, पार्किंगमधल्या कुत्र्यांबाबत तक्रार. गार्डचा विषय मी लेखी दिला होता तो यादीत नाही. सेक्रेटरींना फोन केला तर म्हणाले, "शेवटचा मुद्दा बघा, अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय. त्यात घेऊ, कोरम असला तर."